दिल्लीतल्या दोन जागा

आमच्या घरात लोकसभेविषयी पहिले भांडण झाले तेव्हा लोकसभा म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आमचे वय त्या वेळी नऊ वर्षांचे. फोंडे महालातील आमचे घर चांगले मोठे, एका चुलीचे. आमचे वडील मराठी शाळेचे मास्तर आणि धाकटे काका पणजीच्या लिसेवात शिकून तिथेच एका कचेरीत कारकुनी करणारे. शनिवारी काका घरी येत. १९६७ च्या जानेवारीतल्या एका शनिवारी ते आले ते खिशाला दोन पानांचे चित्र लावून. वडिलांच्या मेजावर फुलाचे पत्रक ठेवलेले होते. जेवणे होईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग आजीने पाट उचलले आणि दोघा भावांत जे सुरू झाले ते मध्यरात्रीपर्यंत चालले.

वाचकांपैकी जे गोव्याबाहेरचे असतील त्यांस फूल आणि दोन पाने म्हणजे काय, हे सांगणे अवश्य आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमतकौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पाने. वडील फुलाचे होते, काका पानांचे. वडिलांचे म्हणणे असे की, आपली देवळे, आपली भजने, आपली पोथी सगळी मराठी. तेव्हा वेगळे राहण्यात अर्थ तो काय? (हे सर्व ते अर्थातच कोंकणीतून सांगत. मराठीचा कैवार कोंकणीतून घेण्यात काही विसंगती आहे असे त्यांस कधी वाटले नाही, आणि आम्हांसही ते पुष्कळ वर्षांनंतर सुचले.) पण भाषेवरून ते लौकरच दिल्लीवर आले. “दिल्लीत आपले दोन खासदार. पाचशेंत दोन! दोघांचे कोण ऐकतो? महाराष्ट्रात गेलो तर चाळिसांहून अधिक माणसे आपल्या पाठीशी उभी राहतील.” त्यावर काका म्हणाले, “उभी राहतील, दादा, पण आपल्या पाठीशी नव्हे. दोन असले तरी ते आपले दोन आहेत.”

हे वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही. लहान प्रांताने मोठ्या सभागृहात आपला वेगळा, पण बारीक आवाज ठेवावा, की मोठ्या आवाजात आपला आवाज मिळवून टाकावा, हा प्रश्न आमच्या पडवीत त्या रात्री दोन सख्ख्या भावांनी मांडला. तो त्यांचा मात्र नव्हता. गोव्यात तो त्यापूर्वी दीडशे वर्षे चालत आला होता. फरक इतकाच की पूर्वीचे सभागृह दिल्लीस नसून लिस्बनला होते.

पोर्तुगालात १८२० साली उदारमतवादी क्रांती झाली आणि नवे संविधान रचण्यासाठी ‘कोर्तेस’ नावाची सभा भरली. समुद्रापलीकडील मुलुखांनीही आपले प्रतिनिधी धाडावेत असे ठरले. त्याप्रमाणे १८२२ साली गोव्याने तिघांस निवडले : बेर्नार्दो पेरीश द सिल्वा, कोन्स्तान्सियो रोक द कोश्ता आणि लीमा लैतांव. पैकी पहिले दोघे गोव्याचेच पुत्र, तिसरा पोर्तुगालातून आलेला वैद्य. त्या काळी सुवेझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजास महिनोन्महिने लागत. ज्या संविधानासाठी ही माणसे निघाली ते सप्टेंबर १८२२ मध्ये पुरे झाले, आणि १८२३ च्या उन्हाळ्यात राजाने ते गुंडाळूनही ठेवले. प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला, प्रतिनिधी जहाजात बसले, आणि ज्या सभेत बसावयाचे ती सभाच टिकली नाही. गोव्याच्या संसदीय इतिहासाचा आरंभ हा असा आहे. आम्हांस तो वाचताना हसूही येते आणि गलबलूनही येते.

पेरीश द सिल्वा हा मनुष्य मात्र विसरण्यासारखा नव्हे. १७७५ साली नेवऱ्यास जन्मलेल्या या गृहस्थास, पोर्तुगालातील यादवी १८३४ साली संपल्यावर, राणीच्या सरकारने गोव्याचा प्रिफेक्ट, म्हणजे मुख्य कारभारी, नेमले. पोर्तुगिजांच्या सव्वातीनशे वर्षांच्या अमलात एवढी जागा एतद्देशीयास प्रथमच मिळाली. जानेवारी १८३५ मध्ये त्याने सूत्रे हाती घेतली आणि तीन आठवडेही पुरे होण्याच्या आत लष्करातील गोऱ्यांनी व त्यांच्या वंशजांनी बंड करून त्यास काढून लावले. मुंबई, दमण अशा ठिकाणी त्याने आश्रय घेतला. आपल्या गावी राज्य करणे त्यास पुन्हा साधले नाही. परंतु लिस्बनच्या सभागृहात तो पुढे गोव्याचा प्रतिनिधी म्हणून बसला आणि १८४४ साली तिकडेच वारला. घरात ज्यास कोणी बसू देत नाही त्यास राजधानीत बसावयास खुर्ची मिळते, यात काय समाधान असेल ते असो.

याहून मोठे नाव फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचे. नावेलीचा हा शल्यवैद्य अर्थशास्त्रावर लिहीत असे. १८६६ साली त्याने ‘ऊश ब्राह्मानेश’ ही कादंबरी पोर्तुगीज भाषेत लिहिली. १८६१ च्या जानेवारीत तो लिस्बनच्या सभागृहात प्रथम उभा राहिला तो कशासाठी? समुद्रापलीकडील मुलुखांस सभागृहात जागाच असू नयेत, असा विचार तेथे कोणी मांडला होता, त्याचे खंडन करण्यासाठी. आम्हांस ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. मोठ्या प्रांताचा प्रतिनिधी उभा राहतो तो कालवा, रस्ता, कर यांविषयी बोलावयास. लहान प्रांताच्या प्रतिनिधीचा पहिला श्वास, आपण येथे का बसलो आहोत, एवढे सांगण्यातच जातो. गोमिश यांची प्रकृती क्षयाने खंगली. १८६९ साली ते गोव्यास परत निघाले आणि ३० सप्टेंबर रोजी जहाजावरच त्यांचा अंत झाला. वय अवघे चाळीस. देह समुद्रास दिला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सुवेझचा कालवा खुला झाला.

या सगळ्या कथेत आमच्या वडिलांसारख्यांचा पूर्वज कोठे होता, असे कोणी विचारील. तो कोठेही नव्हता. लिस्बनला गेलेले हे गोवेकर ख्रिस्ती, पोर्तुगीज शिकलेले आणि बहुधा वरच्या थरातले असत. हिंदूंस बरोबरीचे नागरी हक्क लाभले ते १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक झाल्यावर, आणि तेही फार दिवस उपभोगता आले नाहीत. १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांस पुन्हा दुय्यम ठरविले व सालाझारच्या राजवटीत राष्ट्रीय सभेत विरोधी बाकेच उरली नाहीत. तरी त्याही सभेत १९४५ ते १९४९ या काळात जंतुशास्त्रज्ञ फ्रोइलानो द मेलो हे गोव्याचे प्रतिनिधी होते आणि त्या कायद्याविरुद्ध ते बोलले. पुढे ते ब्राझीलला गेले आणि १९५५ साली परमुलुखातच वारले. या माणसांपैकी पुष्कळांस मरण गोव्याबाहेर आले.

काकांस हा सारा इतिहास तोंडपाठ होता. वडिलांस तो ऐकण्याचा कंटाळा होता. “पोर्तुगिजांच्या दरबारात आपली माणसे शोभेला ठेवीत,” असे ते म्हणत, आणि त्यात खोटे फारसे नव्हते.

शोभेपलीकडचे पहिले शब्द आम्हांस सभागृहात नव्हे, एका मेजवानीत सापडतात. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशाचे शल्यवैद्य पुंडलिक गायतोंडे एका खान्यास गेले होते. बोलता बोलता कोणी, गोवा हा पोर्तुगालच आहे, अशा अर्थाचे काही म्हणाले. डॉक्टरांनी एवढेच उद्गार काढले की, मी याचा निषेध करतो. त्या एका वाक्यासाठी त्यांस अटक झाली आणि पोर्तुगालास नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. आणि निवडणुका होईपर्यंत लोकसभेत गोव्याच्या वतीने राष्ट्रपतींनी दोघांस नेमले. त्यांत एक हे गायतोंडे, दुसरे डॉ. आंतोनियो कुलासो. निवडून न येता खासदार होणे लोकशाहीत फारसे भूषणाचे नव्हे. पण जेवणाच्या मेजावर ज्याने सर्व सभागृहाचे काम एकट्याने केले त्याची नेमणूक आम्हांस निवडणुकीहून उणी वाटत नाही.

पहिली खरी निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. वडील त्या दिवसाची आठवण काढीत तेव्हा त्यांचा आवाज बदले. आजी सकाळी न्हाऊन, नऊवारी नेसून, देवास फूल वाहून मतास गेली. साऱ्या आयुष्यात तिला कोणी काही विचारले नव्हते. दिल्लीच्या काँग्रेस पक्षास वाटले होते की मुक्तीचे श्रेय आपले म्हणून मतेही आपली. गोव्याच्या भूमीवर त्यास विधानसभेची एकही जागा मिळाली नाही. दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि लोकसभेच्या दोन्ही जागा त्याच पक्षाच्या बाजूला गेल्या : पणजीहून पीटर आल्वारिस, मुरगावहून मुकुंद शिंक्रे. म्हणजे दिल्लीत गोव्याच्या नावाने जे दोन आवाज उठत होते ते दोन्ही विलीनीकरणवाद्यांच्या गोटातले. सर्व भारताने समजावे की गोव्याचे मत हेच.

आणि तीन वर्षांनी संसदेनेच कायदा करून लोकांस प्रत्यक्ष विचारले, तेव्हा उत्तर निराळे आले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, वेगळेपणाच्या बाजूने १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचे. काकांनी अंगणात फटाके लावले. वडिलांनी त्या संध्याकाळी दिवाही लावू दिला नाही. पुढच्या पाडव्याच्या आत घरात दुसरी चूल मांडली गेली आणि मधल्या दाराला आतून कडी आली. कारण अर्थात मतकौल हेच सांगण्यात आले नाही. नारळाच्या बागेचे उत्पन्न, एका गाईचे दूध, बायकांची बोलणी अशी नेहमीची कारणे होती. आजीने कोणती खूण उमटविली हे तिने मरेपर्यंत कोणास सांगितले नाही. दोघेही भाऊ, ती आपल्याच बाजूची, असे धरून चालले.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. मतकौलानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९६७ मध्ये, पुन्हा निवडणूक आली. ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले त्यांनीच विधानसभेत पुन्हा बांदोडकरांस बसविले. आणि लोकसभेच्या दोन्ही जागा मात्र युनायटेड गोवन्सच्या जनार्दन शिंक्रे व एराज्मो द सिक्वेरा यांस दिल्या! दिल्लीकरांनी यावरून काय ताडावे? आम्हांस वाटते, लोक दिसतात तेवढे गोंधळलेले नसतात. राज्य कोणी करावे हा एक प्रश्न, राज्य असावे की नसावे हा दुसरा. घराबाहेर आपल्या नावाने बोलावयास पाठवावयाचा तो मनुष्य दुसऱ्या प्रश्नावर बरोबर असला म्हणजे झाले. एरवी त्याने घर चालवावे असे कोणी म्हटले नव्हते.

त्यानंतरची नामावळी सांगत बसलो तर वाचक कंटाळतील. दक्षिणेकडून एदुआर्दो फालेरो १९७७ पासून १९९१ पर्यंत पाच वेळा निवडून आले. उत्तरेकडून श्रीपाद नाईक १९९९ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा. लहान राज्यास एक सोय असते : तेच तोंड पुनःपुन्हा पाठविले तर निदान दिल्लीचे द्वारपाल तरी त्यास ओळखू लागतात. १९८९ साली पणजीहून गोपाळराव मयेकर गेले, तेव्हा मराठीचे एक रसाळ वक्ते लोकसभेत बसले याचा वडिलांस कोण आनंद झाला.

परंतु दोघांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. १९८० साली पणजीहून संयोगिता राणे निवडून आल्या. गोव्याहून लोकसभेत गेलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि २०२४ च्या निवडणुकीपर्यंत दुसरी कोणी गेली नाही. १९९६ साली तीच जागा रमाकांत खलप यांनी जिंकली. ते आपल्या पक्षाचे लोकसभेतील एकटेच सदस्य. पण त्या वेळचे सरकार तेरा पक्षांची मोट होते, म्हणून त्यांस कायदा खात्याचे राज्यमंत्रिपद मिळाले. त्या नात्याने १२ सप्टेंबर १९९६ रोजी स्त्रियांस विधिमंडळांत एकतृतीयांश जागा राखून ठेवणारे विधेयक लोकसभेत पहिल्याने मांडले गेले ते या गोवेकराच्या हातून. ते मंजूर होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. दोन जागांचे राज्य एवढेही करू शकते. आणि स्वतः मात्र सहा दशकांत एकीपलीकडे जाऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. दोन जागांचे तृतीयांश किती, हे गणित कोणी मांडून दाखविले तर आम्ही ऋणी होऊ.

गणिताचीच गोष्ट निघाली म्हणून आमच्या बाजूचे एक अवघड सत्यही कबूल केले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची वस्ती १४,५८,५४५ भरली. म्हणजे एका खासदारामागे सुमारे ७ लाख ३० हजार माणसे. राजस्थानात त्याच हिशेबाने एका खासदारामागे २७ लाखांवर माणसे येतात. राजस्थानच्या शेतकऱ्याच्या एका मताच्या जवळजवळ चौपट आमचे मत जड! १९७३ च्या एकतिसाव्या घटनादुरुस्तीने साठ लाखांपर्यंतच्या राज्यांस वस्तीच्या प्रमाणाचा नियम लावू नये असे ठरविले, त्याचा आधार या उदारपणास आहे. जागांची नवी वाटणी १९७६ साली गोठविली, आणि २००१ साली ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबणीवर टाकली. ती होईल तेव्हा मोठी राज्ये फुगतील आणि आमचे दोन हे सातशे-आठशेंत दोन ठरतील, अशी धास्ती गोव्यात बोलली जाते. धास्ती खोटी नाही, पण तक्रार करताना राजस्थानच्या त्या शेतकऱ्याकडे पाहून बोलावे असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत प्रत्येक राज्यास, ते केवढेही असो, सिनेटमध्ये दोनच जागा. आमच्या राज्यसभेत तसे नाही; तेथेही वस्तीप्रमाणेच वाटणी. केंद्रशासित होता तोवर गोव्यास राज्यसभेत जागाच नव्हती. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला, दमण व दीव वेगळे झाले, आणि मग राज्यसभेत एक जागा मिळाली. काकांनी त्या दिवशी मधल्या दाराची कडी वाजवून पेढे दिले. वडिलांनी ते घेतले. “आता तीन झाले,” काका म्हणाले. वडील म्हणाले, “मोजता तरी येतात.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही नोकरीनिमित्त दिल्लीस होतो आणि वडील आमच्याकडे राहावयास आले. खटपट करून लोकसभेच्या प्रेक्षक-सज्जाचे दोन पास मिळविले. तेथील शिस्त कडक. पुढे वाकावयाचे नाही, पायावर पाय टाकावयाचा नाही, बोलण्याचे नावच नको. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या वडिलांस ती शिस्त फार आवडली. कोणत्याशा खर्चाच्या मागण्यांवर चर्चा चालली होती. मोठ्या पक्षांचे वक्ते बोलून गेले. वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे एकट्यादुकट्याची पाळी शेवटी. तोपर्यंत बाके रिकामी होत आली होती. तेव्हा ईशान्येकडील एका लहान राज्याचा एकुलता एक सदस्य उभा राहिला. हातात कागद होता. त्याच्या राज्यात एका नदीवर पूल नव्हता आणि पावसाळ्यात आजाऱ्यास पलीकडे नेता येत नसे, एवढेच तो सांगत होता. पहिली घंटा वाजली. त्याने एक पान उलटले. दुसरी वाजली. तो घाईने वाचू लागला. तिसऱ्या घंटेला अध्यक्षांच्या आसनावरील गृहस्थांनी पुढचे नाव पुकारले, आणि तो कागदाची घडी घालीत खाली बसला.

बाहेर आल्यावर वडील पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. बसच्या थांब्याशी पोहोचलो तेव्हा एवढेच म्हणाले, “त्याला पुरे बोलू द्यावयास हवे होते.”

गावी परतल्यावर काका ओटीवर येऊन बसले. मधल्या दाराची कडी त्या दिवसांत कधी लावलेली असे, कधी नसे. त्यांनी विचारले, “दादा, लोकसभा पाहिलीस म्हणे. कशी आहे?” वडिलांनी सज्जाची शिस्त सांगितली, गालिच्याचा हिरवा रंग सांगितला, आणि मग त्या माणसाची, त्याच्या पुलाची आणि तीन घंटांची हकीकत सगळी सांगितली. काकांनी विचारले, “किती मिनिटे बोलला?”

“असतील तीन.”

“तीन म्हणजे पुष्कळ,” काका म्हणाले, आणि दोघांसाठी चहा टाकावयास त्यांनी आतल्या बाजूस हाक मारली.